हिवाळे सरांची निवड

दमणं म्हणजे काय ते मला हिवाळे सरांच्या शेजारात कळलं. कचेरीत बसून मी रोजच दमतो, पण ते दमणं पगारी. दुसऱ्याची एक वस्तू ठरत नाही म्हणून आपण दमायचं, हा प्रकार मात्र सरांनीच मला दाखवला. जालन्यात आमची घरं लागून होती, मधे कंपाउंडची बुटकी भिंत. संध्याकाळी मी घरात पाय टाकतो न टाकतो तोच भिंतीपलीकडून हाक यायची, "जोशी, मोकळे हायेत का?" त्या प्रश्नाला 'नाही' हे उत्तर नव्हतंच. मग भिंतीवरून एक छापील कागद पुढं यायचा. कागदावर टर्नटेबलचा फोटो, खाली बारीक अक्षरात त्याची माहिती, आणि माहितीवर सरांनी लाल पेनानं मारलेल्या खुणा. मास्तर निवृत्त झाला तरी लाल पेन काही सुटत नाही.

टर्नटेबल म्हणजे तबकड्या वाजवायचं यंत्र. माझ्या लहानपणी ते श्रीमंतांच्या बैठकीत असायचं, मधल्या काळात भंगारात गेलं. आता म्हणे ते परत आलंय, आणि असं काही आलंय की चांगल्यातलं घ्यायचं म्हटलं तर किंमत ऐकून माणूस आधी पाणी मागतो. सरांनी मला किंमत कधी सांगितली नाही आणि मीही विचारली नाही. निवृत्तीनंतर लोक प्लॉट घेतात, सहलीला जातात, गुडघे बदलून घेतात. हिवाळे सरांना टर्नटेबल घ्यायचं होतं, आणि तेही पहिल्या प्रतीचं.

गंमत अशी की एरवी हा माणूस अजिबात चोखंदळ नव्हता. उंच, काटकुळे, थोडे वाकलेले, शर्ट वहिनी आणतील तो. बाजारात भाजीवाल्यानं हातात दिलं ते वांगं. किडकं निघालं तर तेवढा भाग कापून टाकायचा. नोकरी लागली ती जिल्ह्यातल्याच टेंभुर्णीच्या शाळेत, विज्ञान शिकवायला. तिथंच केस काळ्याचे पांढरे झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. दुसऱ्या शाळेसाठी अर्ज करा म्हणून लोकांनी सुचवलं तर म्हणाले, "चालतंय की हीच." हा त्यांचा आवडता शब्द होता. चहात साखर कमी, चालतंय. पंखा कुरकुरतोय, चालतंय. वहिनी वैतागून म्हणायच्या, "मला तरी पसंत केल्तं का चालतंय म्हनून आनलं, ते अजून कळलेलं न्हाई मला." सर यावर नुसते हसायचे. हसणंही बेताचं, पुढचे दोन दात दिसण्यापुरतं.

टर्नटेबलच्या बाबतीत मात्र काहीही चालत नव्हतं. काही यंत्रांत तबकडीची थाळी रबरी पट्ट्यावर फिरते. ती सरांना आवडायची, कारण पट्टा मोटरीचा थरथराट गिळून टाकतो. पण पट्टा कालांतरानं सैल पडतो आणि गाणं सुस्तावतं, म्हणून ती बाद. काहींत थाळी थेट मोटरीवर बसवलेली असते. तिची गती पक्की, पण मोटरीचा थरथराट सुईत उतरतो, म्हणून तीही बाद. थाळी जड हवी, पण तिच्या वजनानं कणा झिजायला नको. सुई धरणारा दांडा हलका हवा, पण हलका म्हणजे उथळ नको. हे सगळं सर मला भिंतीवर स्टीलची ताटली फिरवून समजावून सांगायचे. समजलं का, असं विचारून थांबायचे, आणि नाही म्हटलं तर पहिल्यापासून सुरुवात. मी लवकरच पहिल्या फेरीत 'हो' म्हणायला शिकलो. टेंभुर्णीची पोरंही तेच शिकली असणार.

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक छोटी पाणसळ असायची, गवंड्याकडे असते तशी, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली. टर्नटेबल तसूभर जरी कललं तरी सुई एका अंगाला ओढते. आणि जालन्याच्या काळ्या जमिनीवर कुठलं घर सरळ उभं आहे? उन्हाळ्यात माती फाटते, पावसाळ्यात फुगते, आणि वर्षभरात घराची एक बाजू डब्यातल्या पिठासारखी खाली बसते. म्हणून सरांनी यंत्र यायच्या आधीच त्यासाठी भिंतीत शहाबादी फरशीची एक दणकट फळी बसवून घेतली. गवंड्यानं दोनदा बसवली आणि दोनदा काढली. तिसऱ्यांदा तो घाम पुसत म्हणाला, "सर, मूर्ती बसवायची का हितं?"

"न्हाई, मशीन."

"कंचं मशीन?"

"ते अजून ठरलं न्हाई," सर म्हणाले. गवंड्यानं माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

एवढा आटापिटा कशासाठी, हे मला बरेच महिने माहीत नव्हतं. मला वाटायचं, रिकामपणाचा छंद आहे. एकदा मोती तलावाच्या काठानं फिरताना मी जरा चिडूनच म्हणालो, "सर, हे यंत्र नाहीतर ते यंत्र, गाणं तर तेच वाजणार ना? घेऊन टाका एखादं." सर चालता चालता थांबले. मग कट्ट्यावर बसले, आणि मी न विचारता केदारखेड्याची गोष्ट सांगायला लागले.

केदारखेडा हे त्यांचं गाव. त्यांच्या वडिलांचा लाऊडस्पीकरचा सेट होता. बॅटरीवर चालणारं मशीन, तबकड्यांची एक पत्र्याची पेटी आणि दोन भोंगे. पंचक्रोशीत लग्न कुणाचंही असो, सेट ह्यांचाच. मांडवाच्या तोंडावर बांबूला भोंगा बांधायचा, तोंड मांडवाकडं. आणि मशीन मांडवाच्या मागं, जिथं बैलगाड्या सोडलेल्या असायच्या तिथं. वडील वायरी ओढायचे, आणि मशीनपाशी बसायची त्यांची थोरली मुलगी, सरांची आक्का. आई लवकर गेलेली, त्यामुळे धंद्यात वडिलांना हात तिचाच. शाळा तिनं चौथीत सोडली. धाकट्याला शिकवायचं तर घरातलं कुणीतरी मशीनपाशी बसायला हवं होतं.

"आवाज मांडवात, आम्ही भाईर," सर म्हणाले. "जेवन पन मशीनपाशीच यायचं, सगळ्यात शेवटी. आन् तुमी कधी भोंग्याच्या मागं बसून ऐकलंय का जोशी? गाणं न्हाई ऐकू येत. नुसता कलकलाट येतो, डब्यात खडे घालून हलवल्यावानी. पुढच्या लोकांला गाणं, आम्हाला खडे. आक्कानं तिच्या हातानं हजारो गाणी लावली असतील. तिनं एक गाणं नीट ऐकलेलं न्हाई."

मग त्यांनी आक्काच्या लग्नाचं सांगितलं. तिचं लग्न ठरलं पिंपळगाव रेणुकाईला. आपल्या मुलीच्या लग्नात आपलाच सेट वाजणार म्हणून वडील खुशीत. पण वऱ्हाड आलं, त्यांच्या सरबराईत वडील अडकले, आणि तबकडी संपून सुई नुसतीच गोल फिरायला लागली. मशीनपाशी कोणीच नव्हतं. हळद लागलेली आक्का पाटावरून उठली, मांडवाच्या मागं गेली, तबकडी पालटली, परत येऊन बसली. सगळे हसले. सर तेव्हा दुसरी-तिसरीत असतील, तेही हसले. त्या तबकडीच्या मधल्या कागदावर हळदीचं बोट अजून आहे.

"मला तिला एकदा पुढं बसवायचंय," सर म्हणाले. "खुर्चीवर. पाहुन्यासारखं. आन् तेच गाणं लावायचं, पन असं की तिला गाणाऱ्याचा श्वास ऐकू आला पायजे. आयुष्यभर जे आलं ते घेतलं जोशी, मी न्हाई कधी तक्रार केली. ह्या एका गोष्टीत मला चालतंय म्हनायचं न्हाई."

त्यानंतर मी कागद बघताना कुरकुर केली नाही. म्हणजे कमी केली.

अडचण अशी होती की इकडं सरांची निवड लांबत होती आणि तिकडं आक्काचे कान जात होते. भोंग्याशेजारी घालवलेल्या वर्षांची ती किंमत असावी. सर दर रविवारी अंगणात उभं राहून पिंपळगावला फोन करायचे. आधी साध्या आवाजात बोलायचे. मग ते मला माझ्या घरात ऐकू यायला लागलं. मग गल्लीच्या टोकाला. "आक्काऽऽ, जेवली काऽऽ?" असं सर ओरडायचे तेव्हा शेजारची म्हातारी आपल्याच दारातून "जेवले बाबा" म्हणायची. डॉक्टरांनी दिलेलं कानाचं यंत्र आक्कानं दोन दिवस लावून डबीत घालून ठेवलं. कानात बेडूक वरडतंय म्हणाली. वहिनींनी एकदा भांडी विसळता विसळता सरांना ऐकवलंच, "तुमचं मशीन येईस्तोर आक्काचे कान राहत्यात का बघा. मंग कोनाला बसवता खुर्चीवर?"

 त्या रात्री सर जेवले नाहीत, असं वहिनींनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. वहिनींना वाईट वाटत होतं, पण खरं ते बोलल्याचा पस्तावा मात्र नव्हता.

मग सरांनी पुण्याला जाऊन प्रत्यक्ष यंत्र ऐकायचं ठरवलं. मला रजा काढायला लावली. दुकान कसलं, दिवाणखानाच होता. जाड गालिचा, भिंतींना कापड, आणि मधे उजेडात ठेवलेली यंत्रं. मालक मध्यमवयीन, अदबीनं बोलणारे. सरांनी खिशातून पाणसळ काढून यंत्रावर ठेवली तेव्हा ते खूष झाले. म्हणाले, इतकी काळजी करणारं गिऱ्हाईक क्वचित येतं. त्यांनी आम्हाला त्यांच्याकडची एक तबकडी ऐकवली, कसलंसं परदेशी पियानोवादन. मला संगीतातलं कळत नाही, पण खोलीत कुणीतरी येऊन बसल्यासारखं वाटलं. सर डोळे मिटून बसले होते. त्यांचा अंगठा गुडघ्यावर हलत होता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांचा चेहरा मला सैल दिसला आणि मला वाटलं, सुटलो. आज ठरणार.

मग सरांनी उशीच्या अभ्र्यात गुंडाळून आणलेली तबकडी बाहेर काढली. हळदीचं बोट असलेली. "आता ही लावा," ते म्हणाले.

मालकांनी ती दोन्ही तळहातांवर तोलून उजेडात धरली. लग्नाच्या मशीनची जाड सुई वर्षानुवर्षं फिरून तिच्या रेघा पांढऱ्या पडल्या होत्या. ते जरा घुटमळले. मग हळूच म्हणाले, "सर, ही नको लावूया. आमची सुई खराब होईल."

"बराबर," सर म्हणाले, आणि तबकडी परत अभ्र्यात घातली.

बाहेर आल्यावर आम्ही टपरीवर चहा घेतला. सर म्हणाले, "त्यांचं बिलकुल चुकलं न्हाई. घासलेल्या रेकॉर्डनं सुई खराब व्हतेच. त्यांच्या जागी मी असतो तर मी पन लावू दिली नसती. पन त्यांनी 'आमची' म्हनलं ना जोशी, तवा मला एकदम गावातली विहीर आठवली."

मी कप दोन्ही हातांत धरून उभा राहिलो. माझ्या आडनावाच्या माणसानं त्यावर काय बोलायचं असतं ते मला अजूनही माहीत नाही. सरांनीच माझी सुटका केली. म्हणाले, "चला, जल्दी चला. गाडी भेटंल."

पुण्यानंतर कागद आणखी वाढले. आता सर एकाच यंत्राला दोन सुया बसवता येतील का ते बघत होते, एक झिजलेल्या तबकड्यांसाठी आणि एक चांगल्यांसाठी. चांगल्या तबकड्या त्यांच्याकडे नव्हत्याच, पण हे मी बोललो नाही. लाल खुणांवर लाल खुणा. सर वाळत चालले होते. डोळ्यांखाली काळं आलं होतं. भिंतीवर कोपर टेकून ते उभे राहायचे ते आधार घेतल्यासारखे. मी एकदा म्हणालो, "सर, थकलात तुम्ही." तर म्हणाले, "न्हाई न्हाई. थकायला काय केलं मी? बसून कागदं तर वाचून राह्यलो."

आणि मग एका रविवारी अंगणातून ओरडण्याचा आवाज आला नाही. मी भिंतीशी गेलो. सर फोन कानाला लावून गप्प उभे होते. पलीकडून आक्का बोलत होती, ते मलाही ऐकू येत होतं. पाऊस, कपाशी, सुनेचं दुखणं, म्हशीचं दूध. सर मधेच "आक्का" म्हणाले, तरी ती बोलतच राहिली. आपलं सगळं सांगून झाल्यावर तिनं "बरं हाय मंग, जय भीम" म्हटलं आणि फोन ठेवला. तिनं समोरचं ऐकायचा नाद सोडून दिला होता.

दुसऱ्या दिवशी सर भिंतीशी आले ते मोकळ्या हातानं. कागद नव्हता.

"घेतलं," ते म्हणाले.

"कुठलं?"

"शेवटच्या कागदावर व्हतं ते."

"पण त्याचा दांडा तर तुम्ही..."

"दमलो जोशी," सर म्हणाले. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. दोन वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो असा मान खाली घालून आला.

यंत्र मोठ्या खोक्यातून आलं. सरांनी ते जोडायला आठवडा घेतला. थाळी आरशासारखी, दांडा बगळ्याच्या मानेसारखा बारीक. सुईचं वजन ते एका छोट्या काट्यावर मोजायचे आणि श्वास रोखून धरायचे. वहिनींना फडकं मारायलाही परवानगी नव्हती. "हात नका लावू," एवढंच त्या आठवड्यात ते त्यांच्याशी बोलले असतील. समोर भिंतीपासून मोजून एक खुर्ची ठेवली होती, नवी गादी घातलेली. आवाजाची दोन्ही खोकी त्या खुर्चीकडे तोंड करून उभी होती. मग सर पिंपळगावला जाऊन आक्काला घेऊन आले.

आक्का सरांपेक्षा उंच निघाली. पांढरीशुभ्र साडी, कपाळ मोकळं, हात मात्र पुरुषासारखे मोठे. घरात आल्या आल्या तिनं भिंतीवरच्या बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींना हात जोडले, पाणी प्यायली आणि मला म्हणाली, "तुमी जोशी. तुमचं लई नाव घेतंय हे. घरचं काम न्हाई का तुमाला?" मी नाही म्हणून मान हलवली. ओरडून खुलासा करण्यापेक्षा ते सोपं होतं.

सरांनी तिचा दंड धरून तिला खुर्चीवर बसवलं. ती टेकली ती कडेवर, उठायच्या तयारीत, पाहुण्यांच्या घरी पोरीबाळी बसतात तशी. सरांनी हळदीचं बोट असलेली तबकडी थाळीवर ठेवली. सुई खाली आली. सरांनी आवाज वाढवला, आणखी वाढवला, इतका की खिडकीची काच थरथरली. गाणं सुरू झालं. खरखर होती, चरचर होती, पण खालून गाणारीचा आवाज येत होता, आणि सरांनी म्हटल्याप्रमाणे कडव्याआधी ती श्वास घेते तोही ऐकू येत होता. निदान मला. सर यंत्रापाशी उभे राहून आक्काच्या चेहऱ्याकडे बघत होते. मी तसं बघणं फक्त परीक्षेच्या निकालाच्या फळ्यापुढं पाहिलंय.

आक्काचं गाण्याकडे लक्षच नव्हतं. तिची नजर सुईवर होती.

दुसऱ्या कडव्यात सुई अडकली. एकच ओळ पुन्हा पुन्हा येऊ लागली. आक्काला ते ऐकू आलं की दांडा जागीच उडताना तिला दिसला, कोण जाणे. ती खुर्चीवरून उठली, कमरेच्या पिशवीतून पाच रुपयांचं नाणं काढलं आणि सरांना काही कळायच्या आत तिनं ते सुईच्या डोक्यावर ठेवून दिलं. लग्नाच्या मशीनवर वाऱ्यानं किंवा नाचणाऱ्यांच्या धक्क्यानं सुई उडायला लागली की असंच नाणं ठेवायचे, हे मला नंतर कळलं. तिच्या हातानं ते इतक्या सराईतपणे केलं की तो हात साठीपुढचा वाटलाच नाही. बगळ्याची मान तिथंच खाली दबली. बारीक काडी मोडल्यासारखं काहीतरी वाजलं.

सरांचा हात पुढं आला होता. "आक्का" म्हणायला तोंडही उघडलं होतं. पण तिकडं गाणं अडकलेली ओळ ओलांडून पुढं निघालं होतं, घोगरं, फाटलेलं, आणि आक्का यंत्राशेजारी शहाबादी फळीवर तळवा टेकून उभी होती. दगडातून येणारी थरथर तिच्या हाताला लागत असावी. ती मान डोलवत होती. "आता लागलं बराबर," ती म्हणाली.

सरांनी हात मागं घेतला.

"आक्का, तू बस ना खुर्चीवर," ते तिच्या कानाशी ओरडले.

"नगं रं. हितं बरं वाटतंय मला. तिकडं पाहुने बसत्यात." आणि तिनं मलाच खुर्चीकडे बोट दाखवलं. मी बसलो नाही. कुणाच्यानंच बसवलं नसतं.

दोन दिवस राहून आक्का परत निघाली. मी स्कूटरवर तिची पिशवी घेऊन बसस्थानकावर गेलो, ते दोघं रिक्षानं आले. पिंपळगावकडं जाणारी भोकरदनची गाडी लागली. सरांनी तिला खिडकीशी जागा धरून दिली आणि खाली उभं राहून ओरडून विचारलं, "आक्का, गाणं कसं वाटलं?" सगळी गाडी त्यांच्याकडे बघायला लागली.

आक्का त्यांच्याकडे बघत राहिली. काय विचारलं ते तिला समजलं असावं, नसावंही. तिला दुसरंच विचारायचं होतं.

"तुझ्या मशीनपाशी कोन बसतंय रं?"

"मीच," सरांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"मंग तू कवा ऐकतो?"

गाडी हलली. सर तिच्याबरोबर चार पावलं चालले, मग थांबले.  परतताना ते स्कूटरवर माझ्या मागं बसले. मी नवीन सुईचं विचारलं तेव्हा फक्त "बघू" म्हणाले. मला वाटलं, आता पुन्हा कागद सुरू होणार. पण कागद आले नाहीत. पुढं थोड्याच दिवसांत सर आणि वहिनी मुलीकडं नाशिकला राहायला गेले, घर भाड्यानं दिलं. फोन असतो अधूनमधून. पोटभर गप्पा होतात, पण टर्नटेबलचा विषय आम्ही दोघंही काढत नाही.

मला सर आठवतात ते आक्का गेली त्याच संध्याकाळचे. मी झाडांना पाणी घालत होतो आणि भिंतीपलीकडं त्यांची खिडकी उघडी होती. सरांनी तबकडी लावली. वाकडी झालेली सुई तशीच खाली सोडली. मग ते खोलीच्या त्या टोकाला गेले आणि नव्या गादीच्या खुर्चीवर बसले. हातांचं काय करावं ते त्यांना कळेना. आधी मांडीवर ठेवले, मग खुर्चीच्या हातांवर, मग परत मांडीवर. गाणं घोगरं वाजत होतं. सरांनी डोळे मिटले. ते कधी संपलं ते त्यांना कळलं की नाही कुणास ठाऊक. सुई शेवटच्या रिकाम्या रेघेत गोल फिरत राहिली. एरवी गाणं संपायच्या आधीच दांडा उचलायला धावणारा हा माणूस जागचा उठला नाही. खांदे मात्र हलत होते.

शेवटी वहिनी आतून आल्या. त्यांनी पदराला हात कोरडे केले, यंत्रापाशी गेल्या आणि दोन बोटांनी दांडा अलगद उचलला. सरांनी डोळे उघडले.

"तुमाला येतं?" त्यांनी विचारलं.

"दोन वर्षं दुसरं काय ऐकून राह्यले मी ह्या घरात?" वहिनी म्हणाल्या. त्यांनी तबकडी पालटली, फुंकर घातली आणि सर उठायला लागले तशा मागं न बघता म्हणाल्या, "बसा तुमी."